झुल्फिकार ऑनलाईनचा पासवर्ड

९ जुलै, बुधवार

परत तोच बॉक्स! "पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा टाका." कालपासून कॅन्सल करून करून बोट दुखलं. इतक्या वर्षांत मेलच्या प्रोग्रामने कधी पासवर्ड विचारला नव्हता. दुकान उघडलं, पीसी चालू केला की मेल आपोआप येऊन पडायचे. काल आणि आज एक पण नाही.

अब्बांना विचारलं, पासवर्ड काय आहे? म्हणाले, "एवढ्या जुन्या गोष्टी कोण लक्षात ठेवतो? एकदाच टाकला होता." एकदाच म्हणजे कधी? मी तेव्हा दुसरीत होते म्हणे.

भीती वेगळीच आहे. आमच्याकडे फॉर्म भरायला येणाऱ्या निम्म्या लोकांना स्वतःचा ईमेलच नाही. वरच्या गावांतून येतात, पुढची एसटी पकडायची घाई असते. ईमेलचा रकाना आला की अब्बा विचारतच नाहीत, दुकानाचा टाकून मोकळे. स्कॉलरशिप असो, भरती असो, पासपोर्ट असो. मी कितीदा सांगितलं, प्रत्येकाला वेगळा काढून देऊ, मी देते. तर म्हणतात, "आणि त्यांचा पासवर्ड ते विसरले की कुणाकडं येणार? हितंच ना? मग हितंच असू दे."

आता सगळ्यांचं सगळं त्या एका मेलच्या आत. आणि आपण बाहेर.

त्यात शिवानीचं पण.

१० जुलै, गुरुवार

दिवसभर अंदाज मारले. दुकानाचं नाव. अब्बांचं नाव, पुढे एकदोनतीन. माझं नाव. अम्मीचं नाव (अम्मी म्हणाली, "माझं कशाला ठेवतील? कुलसुम लिहायचं म्हटलं तरी विचार करतील"). दुचाकीचा नंबर. शेवटी वेबसाईटच म्हणाली, खूप प्रयत्न झाले, नंतर या.

"पासवर्ड विसरलात?" दाबलं, तर कोड पाठवणार अब्बांच्या जुन्या नंबरवर. ते सिम कधीच बंद झालं.

शिवानीचं असं आहे. ती हिर्डोशीची, हनुमंतकाकांची मुलगी. दोन वर्षं इथं भोरला कॉलेजला होती, एसटीची वाट बघत आमच्या काउंटरवर बसून अभ्यास करायची. नर्सिंगची सीईटी तिने तिथंच बसून काढली म्हटलं तरी चालेल. फॉर्म मीच भरला. आणि ईमेल? फॉर्म अर्धा ठेवून मी कॉलेजला गेले, मागे अब्बा बसले होते आणि तेवढा रकाना त्यांनी भरून टाकला. दुकानाचा.

तिला सोलापूरला सीट लागली आहे. गव्हर्नमेंटची! १९ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत "सीट मान्य" करायची. तिचा लॉगिन माझ्याकडे आहे, सगळं मी इथून करू शकते, पण शेवटी कोड मागतात. कोड येतो मेलवर नाहीतर मोबाईलवर. मोबाईल हनुमंतकाकांचा. त्यांना फोन केला, चार वेळा कोड पाठवला. "न्हाई आला बाय. हितं रेंज कुठं धड. भाताची लावणी चालल्या, पावसात फोन घेऊन कुठं हिंडू?"

सीईटीच्या हेल्पलाईनला पाऊण तास गाणं ऐकलं. मग एक बाई बोलल्या. मी सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, काळजी करू नका, ईमेल बदलायची लिंक पाठवली आहे.

कुठं पाठवली? त्याच ईमेलवर.

११ जुलै, शुक्रवार

कॅन्सलच्या जागी चुकून ओके दाबलं. बॉक्स रिकामा होता. आता आतला जुना सेव्ह केलेला पण पुसला गेला असेल का? कुणाला विचारू? कुणाला सांगितलं नाही.

१२ जुलै, शनिवार

सकाळी दात घासताना सुचलं. अगं नुजहत, बावळट! प्रोग्राम रोज मेल आणत होता ना? म्हणजे त्याला पासवर्ड माहीत होता. म्हणजे तो त्याच्या आत कुठंतरी लिहिलेला आहे. वेबसाईटशी कशाला भांडतेय मी? आपल्याच पीसीला विचारायचं!

वाचून बघितलं, खरंच. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग सेव्ह केलेले पासवर्ड, मग "पासवर्ड दाखवा". बस. एवढंच! मी थर्ड इयरला सायबर सिक्युरिटी घेणार म्हणून गावभर सांगत फिरते आणि हे मला चार दिवस सुचलं नाही.

धावत दुकानात. तर हनुमंतकाका अब्बांशी चहा पीत बसलेले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायाला चिखल. लावणी सोडून आले होते.

मी म्हटलं, "काका, काळजी नका करू, आज पासवर्ड काढतेच."

काका अब्बांकडे बघून म्हणाले, "झुल्फीभाई, तुमची पोरगी लई हुशार."

"डोकं खाते," अब्बा म्हणाले.

"आमची पोरंबी हुशारच निघाली की. हुशार झाली की पाखरं उडत्यात." मग मला म्हणाले, "बाय, नसंल जमत तर राहू दे. जीव नको काढू. पुढल्या सालीबी असतंय की न्हाई हे?"

"पुढच्या वर्षी परत परीक्षा असते, काका."

"मग दील परत. वय काय पळून चाललंय?"

किती साधे आहेत काका. ते गेल्यावर मी बसले. पीसी चालू केला. सेटिंग्ज उघडलं — लाईट गेली. परत आली ती अशी आली की मागून फट्ट आवाज आला, जळल्याचा वास. पीसी बंद. पूर्ण बंद.

मी रडले. अब्बा म्हणाले, "अगं, डबा जुनाच होता." आणि हसले. मला राग आला त्यांचा.

१३ जुलै, रविवार

जेवण गेलं नाही. अम्मी म्हणाली, "कुणी मेलंय का? नाही ना? मग ताट सरकवू नको."

दुपारी शिवानीचा फोन. वर शाळेपाशी चढून आली होती, तिथंच रेंज येते. वारा एवढा की अर्धं ऐकूच येत नव्हतं. आधी हसून बोलत होती, लावणीत वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झालाय म्हणे, आजी ठकुबाई अजून तिच्यापेक्षा जोरात लावते. मग म्हणाली,

"नुजू, व्हईल ना गं?"

मी म्हटलं, होईल.

"कुमारदादा पुण्याला गेला ते गेलाच. सणालाबी येत न्हाई. अप्पांना वाटतं मीबी तशीच. रात्री जेवताना बोलत न्हाईत माझ्याशी. म्या काय त्यांना सोडून देणारय का? पण तो गेला म्हणून मी हितंच बसू का?" मग म्हणाली, "तू नुसती व्हईल म्हणू नको. खरं सांग."

खरं काय सांगू? पीसी जळला हे सांगितलंच नाही.

१४ जुलै, सोमवार

कापूरहोळला जाऊन आले. पीसी पोत्यात, पोतं मांडीवर, सहा सीटरमध्ये. शेजारच्या आजी म्हणाल्या, "कोंबडा हाय का गं?"

हाफिजभाईंचं दुकान हायवेला लागूनच आहे, पुढे ढाबा, मागे पंक्चरवाला. मोबाईल, मिक्सर, टीव्ही, सगळं दुरुस्त करतात. म्हणजे करतो म्हणतात. पीसी उघडून आत बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "फॉरमॅट मारावा लागेल."

"भाई, पॉवर सप्लाय जळलाय. फॉरमॅटचा काय संबंध?"

"मारला की फ्रेश होतं."

"माणूस आजारी पडला की त्याला पण मारता का?"

हसले. हार्ड डिस्क काढून दिली, माझ्या लॅपटॉपला एका वायरने जोडली. डिस्क टिक टिक करत होती. पण उघडली! मेल प्रोग्रामचं फोल्डर सापडलं, आत विचित्र नावांच्या फायली. कॉपी करायला घेतलं तर वेळ दाखवतोय चार तास. एवढा कुठला वेळ, शेवटची गाडी चुकली असती. मग मेल सोडले आणि फक्त पासवर्डची फाईल घेतली. नावातच लॉगिन्स लिहिलं आहे, म्हणजे तीच.

डिस्क त्यांच्याकडेच ठेवली. सप्लाय बदलून पीसी बुधवारी देतो म्हणाले.

घरी आल्यावर अब्बांनी विचारलं, "मिळालं का?" मी लॅपटॉपवर हात आपटून म्हटलं, "ह्यात आहे." ते पाणी प्यायले आणि बाहेर गेले. त्यांना पण टेन्शन आलं असेल. दुकानाची अब्रू आहे.

१५ जुलै, मंगळवार

रिकामं! लॅपटॉपवर तोच प्रोग्राम टाकला, फाईल जागेवर ठेवली, "पासवर्ड दाखवा" दाबलं. काहीच नाही. पांढरं.

मग वाचलं. दोन फायली लागतात. एकीत पासवर्ड असतो पण कुलूप लावून, आणि दुसरीत त्या कुलपाची किल्ली. मी कुलूप घेऊन आले आणि किल्ली कापूरहोळला सोडून आले. हे मला माहीत असायला हवं होतं. हेच तर मी शिकणार आहे म्हणते ना!

हाफिजभाईंना फोन लावला. सांगितलं, डिस्कला हात लावू नका. म्हणाले, "अगं, आत्ताच झुल्फीभाईंचा फोन येऊन गेला. म्हणाले काय फॉरमॅट-बिरमॅट करायचं ते करून टाक, जुनं काही नको, एकदम नवीन करून दे."

मी म्हटलं, "केलं का?"

"कुठं? भाच्याच्या साखरपुड्याला शिरवळला आलोय. उद्या सकाळी करतो."

"करू नका! भाई, काही करू नका! मी येते!"

अब्बांना ओरडले. पहिल्यांदाच एवढं. त्यांना फॉरमॅट म्हणजे काय ते तरी कळतं का? झाडलोट वाटते. त्यांनी पेन उचललं, ठेवलं. अम्मी मला म्हणाली, "बापावर आवाज चढवतेस? एका मेलसाठी?"

एका मेलसाठी नाही. हे कुणाला कसं समजावू?

१६ जुलै, बुधवार

दुकान उघडायच्या आधीच हाफिजभाईंच्या शटरसमोर उभी. पावसाने भिजले, ढाब्याच्या पत्र्याखाली सरकले तर ढाब्यावाल्याने विचारलं, "मिसळ?" नको म्हटलं तरी चहा आणून दिला.

भाई आले ते जांभया देत. मी म्हटलं, डिस्क. ते म्हणाले, आधी सलाम तरी घे.

ह्या वेळी अख्खं फोल्डर. चार तास तर चार तास. टिक टिक, टिक टिक. मधे दोनदा अडकलं. हाफिजभाई म्हणाले, "मारू का एक टपली?" मी म्हटलं, तुमच्या हाताला हात लावाल तर बघा. काय बोलले मलाच कळलं नाही. ते हसत बसले.

सगळं आलं. दोन्ही फायली. पीसी सप्लाय बदलून संध्याकाळी भोरला पोचवतो म्हणाले. पिशवीत प्लास्टिकमध्ये लॅपटॉप गुंडाळून, छातीशी धरून घरी.

घरी आले तर पुन्हा लाईट नाही. चार्जिंग संपलेलं. भोर अख्खं अंधारात.

१७ जुलै, गुरुवार

मिळाला! मिळाला मिळाला मिळाला!

दुपारी लाईट आली. प्रोग्राम उघडला, सगळे जुने मेल भराभर दिसायला लागले, मी दुसरीत असल्यापासूनचे. सेव्ह केलेले पासवर्ड. दाखवा. खरंच दाखवायचा का, विचारलं. हो! ठिपके गेले आणि अक्षरं आली.

भोर, आणि पुढे पिनकोड. एवढाच!! मी माझं नाव, गाडी, आजोबांची जन्मतारीख करत बसले आणि हा दुकानाच्या पाटीवर लिहिलेला होता. कुठलाही हॅकर चहा संपायच्या आत काढेल. अब्बांना लेक्चर देणार आहे.

वेबसाईटवर लगेच टाकायला गेले, पण नेट नाही. दोन्ही सिमला नाही. लाईटबरोबर गेलेला टॉवर अजून आला नाही म्हणतात. बघते, बघते, बघते. काही नाही.

शिवानीला मेसेज करून ठेवला, टॉवर आला की जाईल. "मिळाला." एवढाच.

अब्बा दुकानातून लवकर आले. मी सांगितलं. मला वाटलं उचलून घेतील. म्हणाले, "बरं झालं." आणि हात धुवायला गेले. किती वेळ नळ चालू होता.

१८ जुलै, शुक्रवार

क्रमाने लिहिते.

नेट सकाळी आलं. पासवर्ड टाकला. एकेक अक्षर बघून. एंटर.

"तुमचा पासवर्ड ११ दिवसांपूर्वी बदलला आहे."

तीनदा टाकला. तीनदा तेच. म्हणजे माझा पासवर्ड चुकला नव्हता. बरोबर होता, पण जुना. म्हणजे प्रोग्राम बिघडला नव्हता, पीसी पण नव्हता. कुणीतरी आत शिरून कुलूप बदललं. ७ तारखेला. सोमवारी. मी दिवसभर कॉलेजला होते.

हॅक! आपला मेल हॅक झालाय. आणि त्यात सगळ्यांची आधार कार्डं, मार्कशीट, बँकेची पासबुकं. हजारो लोकांची. पिनकोडचा पासवर्ड ठेवला की हेच होणार. पण शिवानीची सीट घेऊन चोराला काय मिळणार? उद्या पाच वाजता संपलं सगळं.

शिवानीला फोन केला, लागला. खरं सांगितलं ह्या वेळी. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "कोण असंल गं? माझ्याशी कुणाचं वाकडं?" रडत नव्हती. मीच रडत होते.

दुकानात अब्बांना स्क्रीन दाखवली. म्हटलं, आता सायबर पोलीस. पुण्याला जाऊ, आत्ता, पावणेदोनची गाडी आहे. ते कुठल्या फोनवरून बदललं ते शोधतात. सापडतोच.

अब्बांनी विचारलं, "फोन सापडतो?"

"सगळं सापडतं. फोन, जागा, वेळ."

"पोलीस नको, नुजू."

"का नको? आपण काय केलंय?"

गिऱ्हाईक आलं. सात-बाराचा उतारा हवा होता. अब्बांनी त्याला चुकीच्या गटाचा काढून दिला. त्यांच्याकडून असं कधी होत नाही.

रात्री अब्बा ताटावर बसले नाहीत. अम्मीने हाक मारली, म्हणाले, भूक नाही. ह्या वेळी अम्मी कुणी मेलंय का असं म्हणाली नाही.

मी उद्या पहिल्या गाडीने एकटी पुण्याला जाणार. कागद काढून ठेवलेत.

१९ जुलै, शनिवार

गाडीला निघाले, तर दुकानाचं शटर अर्धं वर. आत अब्बा. माझा लॅपटॉप त्यांनी काउंटरवर ठेवला होता. म्हणाले, "बस." मग म्हणाले, "नको, तू उभी राहा." स्वतः बसले, चष्मा पुसला आणि एका बोटाने पासवर्ड टाकला. कुठं अडखळले नाहीत. मेल उघडला.

"दुकान नवीन होतं तेव्हा कुणी पायरी चढत नव्हतं. हनुमंतरावानं अख्खं खोरं माझ्याकडं आणलं," म्हणाले. "तो त्या सोमवारी आला. म्हणाला, एक गेला, ही तरी राहू दे. तारीख तेवढी जाऊ दे. मी कधी त्याला नाही म्हटलं नव्हतं." स्क्रीनकडे बघूनच बोलत होते.

मी कोड मागवला. आला. टाकला. शिवानीची सीट मान्य झाली.

तिला फोन लावला, काउंटरवर ठेवून, स्पीकरवर. किती हसत होती. मग विचारलं, "नुजू, सापडला का गं तो? कोण होता?"

अब्बा शेजारीच बसले होते.

मी म्हटलं, "नाही सापडला."